शिशाच्या ऐवजी

जुलैची सकाळ. बालक्लुथाच्या पुलावर दहिवर गोठलेलं
आणि दुकानाच्या दारात ती,
लोकरी टोपी, एका हातमोज्याचं बोट उसवलेलं.
"शिशाच्या ऐवजी काय देतोस?"

पेट्रोलमधलं शिसं गेलं तेव्हा मी जन्मलो नव्हतो.
मी फळीकडे बोट केलं.
नऊ बाटल्या. नऊही जणी
तारुण्य परत द्यायला बसलेल्या:
एक झडपा धुते, एक काजळी उतरवते,
एक म्हणे इंजिनाला आतून रेशमी करते,
एकीवर चित्ता छापलाय, का ते कुणालाच माहीत नाही.

एल्स्पेथ मक्रोरीने चष्मा कपाळावर ढकलला,
चित्त्याला उलटा करून किंमत पाहिली.
"नाकापेक्षा मोती जड,"
आणि ठेवून दिला.

बाहेर तिची मॉरिस मायनर. सत्तावनची, फिकट हिरवी.
मागच्या सीटवर अजून चामड्याची ती पिशवी,
जिच्यातल्या किल्लीने तिने पन्नास वर्षं
या नदीकाठचे पियानो सुरात आणले:
शाळांचे, चर्चचे,
लोकर कातरणाऱ्यांच्या खोलीतला बिअर सांडलेला एक.

"तामाती, ऐक."
तिने इंजिन चालू केलं, टोपी काढली, डोळे मिटले.
"तिसरी झडप. कोमल नव्हे हं, उतरलेली."
मला नुसतं तकतक ऐकू आलं.

मी म्हटलं, आधी आतून धुऊन काढू, दहा मिनिटांचं काम.
तिने असं पाहिलं, जसं मी
पियानोच्या पट्ट्यांना पॉलिशपेपर मारायला निघालोय.
"अरे, मळानेच धरून ठेवलंय त्यात बरंच काही.
धुतलंस की सांध्यासांध्यातून गळेल.
दुखतंय कुठे, तू चोळतोस कुठे!"

तेल? मी नवं, पातळ काढलं.
"हे पाणी तुझ्या गाडीत घाल.
मला वीस-पन्नास दे, जस्तवालं.
जस्त नसेल तर कॅम झिजतो.
आताच्या तेलांत ते कमी केलंय,
तुमच्या सायलेन्सरमागच्या जाळीला सोसत नाही म्हणून.
हिला जाळीच नाही."
आणि पेट्रोलमध्ये एथनॉलचा थेंब नको,
रबरी नळ्या कुरतडतं ते.

माझ्या तोंडून निघून गेलं:
तुमच्यासारखीच आहे, जुनी पण—
"मला तिच्याशी तोलू नकोस.
तिचे सुटे भाग अजून मिळतात."

शिशाच्या ऐवजीची साधी बाटली घेतली, सगळ्यांत कुरूप लेबलाची.
लिटरला एक मिली.
खिशातून नारिंगी सिरिंज निघाली,
मांजराच्या औषधाची.
मांजर मार्चमध्ये गेलं.
टाकीत दहा मिली सोडताना तिचा हात
जराही हलला नाही.

"आता ती झडप. पण इंजिन गार होऊ दे,
तोवर चहा कर."

दोन चहा झाले. दुसऱ्यात तिने साखर मागितली.
मग पोलादी पट्टी माझ्या हातात:
बारा हजारांश इंच.
बोटं बधिर, स्क्रू दोनदा निसटला,
ती बॉनेटला टेकून उभी, मदत न करता.
"ओढताना अडली पाहिजे.
सुरी लोण्यातून जाते तशी नाही,
आजच्या लोण्यातून जाते तशी."

नवव्या की दहाव्या वेळी ती अडली.
इंजिन सुरू झालं
आणि काहीतरी नव्हतं.
ती फक्त "हं" म्हणाली,
टोपी घातली, इंडिकेटर न देता
वळून गेली.

जिथे गाडी होती तिथे तेलाचे चार थेंब.
भुसा टाकायला हवा होता,
नाही टाकला.

संध्याकाळी गल्ला मोजला. चार लिटर तेल, एक बाटली.
फळीवर आठ, मधे चित्ता.
दिवे घालवले तेव्हा
कोल्ड्रिंकचा फ्रिज,
तीन वर्षं माझ्या पाठीशी गुणगुणतोय,
आज पहिल्यांदा
उतरलेला वाटला.